उजव्या डोळ्याला रेशमाचं ठिगळ

माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करून ऐकावं, अशी झाशीत रीत आहे. कारखान्यात नवा माणूस आला की कॅन्टीन कुठे, पाण्याचा नळ कुठे आणि मुकुंद भैयांचं किती खरं मानायचं, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगून टाकतात. म्हणून आधीच कबूल करतो, हे लिहिताना माझी बायको वसुधा शेजारी बसली आहे. मी फार उडायला लागलो की ती कोपराने ढोसते. एवढ्या चार ओळींत दोनदा ढोसून झालंय.

लिहितोय ते डोळ्याच्या दुखण्यातून जाणाऱ्यांसाठी. तुमच्या डोळ्यात या क्षणी काही खुपत असेल तर वाचणं इथेच थांबवा, डॉक्टरकडे जा, आणि मग या. मी कुठे पळून जात नाही. पळायला समोरचं दिसावं लागतं, आणि तेच मध्यंतरी जरा अवघड झालं होतं.

गरुड नव्हे, कुसळ

माझी नोकरीच डोळ्यांची. सरकारी कारखान्यात मोठमोठे ट्रान्सफॉर्मर तयार होतात, त्यांतल्या तारांची वेटोळी आणि त्यांवर गुंडाळलेला कागद मी तपासतो. एखादी सुरकुती, केसाएवढी चीर नजरेतून सुटली तर पुढे कुठेतरी दिवे जातात. माझ्या डोळ्यांवर अर्धा हिंदुस्थान उजळतो, असं मी लग्नात सासऱ्यांना सांगितलं होतं. (कोपर.) बरं, दोन-तीन जिल्हे.

गव्हाची कापणी झाली की मी दर वर्षी जवळच्या मोठ गावी जातो आणि तिथल्या मंडीतून वर्षाचे गहू भरतो. त्या दिवशी मोटारसायकलवर मागे माझा कारखान्यातला मित्र रामसेवक होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मळणीयंत्रं धडधडत होती, भुशाने आभाळ पिवळं झालं होतं. अशा वेळी शहाणा माणूस हेल्मेटची काच खाली ओढतो. पण काच खाली असली की मागच्याला गोष्ट ऐकू जात नाही. मी बेतवा नदीत धरलेल्या माशाची गोष्ट सांगत होतो आणि मासा अजून पाण्याबाहेर यायचा होता. काच वरच राहिली. उजव्या डोळ्यात काहीतरी सणकन घुसलं.

गव्हाचं कुसळ. दुसरं काही नाही. कारखान्यात मात्र मी सांगितलं की गरुडाने झडप घातली. एवढा धिप्पाड माणूस कुसळाने आडवा झाला, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

डोळा लाल झाला. गुलाबपाणी घातलं. आणखी लाल झाला. सदर बाजारातल्या औषधाच्या दुकानात जाऊन म्हटलं, "लाल आँख की दवा दो, बढ़िया वाली." त्याने दिली, आणि औषध खरोखरच जादूचं निघालं. लाली गेली, दुखणं गेलं, मी आरशात बघून मिशी पिळली. त्या थेंबांनी वरची आग विझवली आणि आत जे रुजत होतं त्याला मोकळं रान दिलं, हे फार नंतर कळलं.

मग एका सकाळी चहा देताना वसुधा थबकली.

"अहो, इकडे उजेडाकडे बघा बरं. तुमच्या बुबुळावर साय धरलीय."

"धरणारच. लहानपणी साय कोण खात होतं घरात?"

ती हसली नाही. वसुधा हसली नाही की मी मुकाट्याने चपला घालतो.

त्या दिवशी

इस्पितळात माझ्याबरोबर वसुधा, कॉलेजात शिकणारी आमची रेवा आणि काकू. काकू म्हणजे माझ्या दिवंगत काकांची बायको. मला वाढवलं त्यांनीच. वय विचारायचं नाही. माझ्या हिशेबाने त्या किल्ल्याच्या तटाहून थोड्या लहान असाव्यात. घरातलं सगळं सोवळं त्यांच्या हातात. देवघराच्या उंबऱ्याआत कोण येईल, कोण नाही, पाण्याच्या हंड्याला कोण शिवेल, कोण नाही, याचा निवाडा त्या बसल्या जागेवरून करतात आणि त्यावर अपील नाही.

डॉक्टरांचं नाव खरे. ते ऐकून काकू खुलल्या, "आपलेच दिसतात हो!" खरे निघाले बुंदेलखंडातले कायस्थ, मराठीचा गंध नाही. तरी काकू शेवटपर्यंत त्यांच्याशी मराठीतच बोलल्या आणि डॉक्टर शेवटपर्यंत "हाँ अम्माजी" म्हणत राहिले. दोघांचं कुठेच अडलं नाही.

यंत्रावर हनुवटी टेकवली. प्रकाशाची एक पातळ पट्टी डोळ्यावरून इकडून तिकडे फिरली. खऱ्यांनी ती पुन्हा एकदा फिरवली.

"मुकुंदजी, आप तो आँख में खेती किए बैठे हैं. फफूंद है."

डोळ्यात बुरशी! मी म्हटलं, "तो फ़सल कब कटेगी, डॉक्टर साहब?"

तेही हसले नाहीत. त्या आठवड्यात माझ्या विनोदांचा दुष्काळ पडला होता. यंत्र बाजूला सारून ते सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "और देर करते तो आँख निकालनी पड़ती. अब भी वादा नहीं कर सकता."

या वाक्यात वजा करण्यासारखं काही नव्हतं. मी वसुधाकडे बघायला मान वळवली आणि लक्षात आलं की ती उजव्या बाजूला उभी आहे. तिथे मला नुसतं धुकं दिसत होतं. त्या धुक्यातून तिचा हात आला आणि त्याने माझं मनगट धरलं. भीती कशी असते असं कोणी विचारलं तर मी हेच सांगतो. हात कोणाचा ते माहीत असतं, पण माणूस दिसत नसतं.

एका डोळ्याचं गाव

भरती व्हावं लागलं. आमच्या वॉर्डात सगळे एकाच डोळ्याचे, त्यामुळे सगळ्यांच्या माना एकाच नमुन्याने तिरक्या. दारातून कोणी आलं की सगळा वॉर्ड पोपटांसारखा मान वाकडी करून बघायचा.

थेंब तासातासाला. थेंब कसला, मिरचीचा अर्क. सिस्टर बाटली घेऊन आली की मी काहीतरी गोष्ट काढायचो, वेळ मारून न्यायला. ती पक्की होती. "भैयाजी, कहानी बाद में. ऊपर देखो." नाक, घसा, कान, सगळीकडून ते औषध उतरायचं. आमच्या रेवाला मराठी कळतं सगळं, बोलताना मात्र अर्ध्या वाटेवर गाडी हिंदीच्या रुळावर जाते. ती माझं डोकं धरून बसायची. "बाबा, तू डोळा मिच-मिच नको कर ना, सारी दवाई बाहर येते!"

आजारी माणूस देवमाणूस होतो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी तरी झालो नाही. एकदा थेंब गालावर पडला म्हणून वसुधावर असा ओरडलो की सगळ्या वॉर्डाचा एकेक डोळा आमच्याकडे वळला. तिने बाटलीचं बूच लावलं, गाल पुसला, बाहेर गेली. परत आली तेव्हा नाक लाल होतं. "सॉरी," मी म्हटलं. ती म्हणाली, "ऊपर देखो." सिस्टरच्याच आवाजात. तेव्हा कुठे दोघं हसलो.

रामसेवक रोज संध्याकाळी कारखान्यातून थेट यायचा. स्टुलावर बसायचा आणि विचारायचा, "काए भैया, फिर मछरिया को का भओ?" मी थोडी गोष्ट पुढे सरकवायचो. इस्पितळात त्या माशाचं वजन एवढं वाढलं की बेतवेचं पाणी उतरलं असतं. कुसळ गेलं तेव्हा तोच मागे बसला होता, हे त्याच्या मनाला लागलं होतं.  तो रोज आला, एवढं पुरे.

बुरशी हळूहळू मेली. मी टाळ्या पिटायच्या बेतात होतो. पण खरे म्हणाले, "खेती तो उजड़ गई. पर ज़मीन धँस रही है."

बुबुळावर जिथे जखम होती तिथला पडदा पातळ पडत चालला होता आणि वरची कातडी काही केल्या भरून येईना. तो फुटला तर डोळा गेलाच. एक मार्ग म्हणजे कोणीतरी नेत्रदानात मागे ठेवून गेलेला बुबुळाचा पडदा बसवणं. त्याची वाट बघायची, आणि डोळा असा रागावलेला असताना तो टिकेलच असं नाही. दुसरा मार्ग अजून चाचणीतला होता. त्यासाठी खऱ्यांनी प्रयोगशाळेतल्या एका बाईंना बोलावलं होतं.

न दिसणारं लुगडं

डॉ. नीलिमा वयाने लहानशा, चष्मा मोठा. खऱ्यांच्या खोलीत आम्ही सगळे बसलो होतो. त्यांनी टेबलावर एक काचेची चपटी डबी ठेवली.

काकू वाकून बघायला लागल्या. "यात काही नाही."

नीलिमा मॅडमनी चिमट्याने डबीतून काहीतरी उचललं. क्षणभर एक कड चमकली, पुन्हा काही नाही.

"यह रेशम है, अम्माजी."

"रेशीम? मला तर काही दिसेना!"

रेवाने हिंदीत सांगितलं. मॅडम हसल्या. "दिखता, तो आँख में किस काम का?"

मग त्यांनी समजावलं. रेशीमकिड्यांचे कोसले सोड्याच्या पाण्यात उकळायचे, म्हणजे रेशमावरचा डिंक निघून जातो. उरलेलं रेशीम विरघळवायचं, गाळायचं, निवळशंख पाणी करायचं. नुसतं वाळवलं तर पापडासारखं कडकतं, म्हणून त्यात दुसरा एक पदार्थ मिसळायचा. तो कोणता आणि किती, यातच त्यांची सगळी वर्षं गेली होती. कधी पडदा धुरकट व्हायचा, कधी ठिसूळ, कधी पाण्यात घातला की लगदा. आता तो काचेसारखा स्वच्छ होतो, वाकतो, आणि अंगाशी भांडत नाही. त्यांच्या प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर याच रेशमाची प्रकाश वळवणारी इवलीशी भिंगं करतात, असंही सांगितलं. डोळ्यावर बसवलं की त्याच्या आधाराने खालची कातडी वाढते आणि रेशीम हळूहळू विरून जातं.

त्यांनी तो पडदा वर्तमानपत्रावर ठेवला. रेवाने त्यातून बारीक टाइपातली जाहिरात घडाघडा वाचली. "बाबा, काहीच फरक नाही! जसं तिथे काही आहेच नाही."

"यह अभी परखा जा रहा है," खरे म्हणाले. "जिनको लगाया है, वे गिने-चुने हैं. गारंटी नहीं दूँगा."

"पंखा घेतला तरी गॅरंटी मिळते, डॉक्टर साहब," मी म्हटलं.  ज्याने आयुष्यभर लोकांना न दिसणाऱ्या गोष्टी दाखवल्या, त्यालाच कोणीतरी न दिसणारं रेशीम दाखवत होतं आणि म्हणत होतं, विश्वास ठेव. मला उठून पळावंसं वाटलं. वसुधा म्हणाली, "तुम्ही ठरवा. मी काय सांगू?" 

काकूंनी मॅडमना विचारलं, "कोसला उकळूनच ना? लुगड्याचं असतं तेच हे?" रेवाने विचारून सांगितलं, हो, तेच.

"मग झालं तर. मुकुंदा, सूत विटाळतं. रेशमाला विटाळ नाही. देवाच्या अंगावर रेशीम, पूजेला बसणाऱ्याच्या अंगावर रेशीम. तुझ्या डोळ्याच्या अंगावर असलं तर काय बिघडलं? घे घालून."

खरं सांगतो, मॅडमचं सगळं शास्त्र डोक्यावरून गेलं होतं. काकूंचं नीट कळलं. मी सही केली.

पडदा बसवताना मी जागा होतो. दुखलं नाही. आपल्या डोळ्यावर कोणीतरी फार काळजीने पापड लाटतंय असं वाटत राहिलं. वरून एक मऊ लेन्स, त्यावर प्लॅस्टिकची जाळीदार ढाल. घरी सोडताना नीलिमा मॅडमनी बजावलं: पाणी नाही, धूळ नाही, चोळणं नाही, ढाल काढायची नाही.

पंचामृत

आता ऐका. ही चूक फक्त आमच्यासारख्या घरातच होऊ शकते.

घरी आलो आणि काकूंनी सत्यनारायण बोललेला असल्याचं जाहीर केलं. वसुधा म्हणाली, "काकू, डोळा बरा तर होऊ दे." काकू म्हणाल्या, "आभार मानायला उशीर करू नये." बडा बाजारामागच्या आमच्या घरात शेजारपाजार जमला, पूजा झाली, आरती झाली. रेवाने फोटो काढायचा घाट घातला. ढालीसकट मी समुद्री चाच्यासारखा दिसत होतो, म्हणून क्षणभर ती काढली. क्षणभरच. तेवढ्यात काकू पळी घेऊन समोर आल्या.

तीर्थ कसं घेतात तुम्हांला माहीत आहे. उजव्या तळव्याची वाटी करायची, पळीभर पंचामृत घ्यायचं, प्यायचं, आणि उरलेला ओला हात डोळ्यांना लावून डोक्यावरून फिरवायचा. कोणी शिकवत नाही, कोणी विचार करत नाही. मुंज झाली तेव्हापासून माझा हात हे आपलं आपण करतो. त्या दिवशीही त्याने केलं. दूध, दही, तूप, मध आणि साखर, सगळं थेट उजव्या डोळ्यावर.

वसुधा किंचाळली.

काकू गोंधळून म्हणाल्या, "अगं, रेशमाला तीर्थाने काय होतंय?"

आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, वसुधाने काकूंपुढे आवाज चढवलेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी सगळ्या शेजाऱ्यांदेखत ती म्हणाली, "रेशमाला नाही होत, काकू! यांच्या डोळ्याला होतं! कधी कळणार तुम्हांला?"

काकूंच्या हातातली पळी तशीच राहिली.

ऑटो मिळाली. आमची ऑटो येताना बघून बडा बाजारातल्या झाडून सगळ्या गायी बाजूला झाल्या. (कोपर. एक गाय.) इस्पितळात खऱ्यांनी लेन्स काढली, डोळा धुतला, पुन्हा धुतला. रेशमाची एक कड उचलली गेली होती. त्यांनी तिथला नमुना तपासणीला घेतला.

"शक्कर, दूध, शहद," ते म्हणाले. "फफूंद को न्योता भेजा है आपने. बीज दोबारा पड़ा या नहीं, कुछ दिन में पता चलेगा. पड़ा, तो मेरे हाथ में ज़्यादा कुछ नहीं रहेगा."

नीलिमा मॅडम नवा पडदा घेऊन धावत आल्या. मला वाटलं आता माझी बिनपाण्याने होणार. एवढ्या वर्षांची त्यांची मेहनत मी साखरेत घोळवली होती. त्या डोळ्याकडे बघत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "मैंने पानी लिखवाया था, धूल लिखवाई थी, मलना लिखवाया था. पंचामृत लिखवाना मेरे ध्यान में ही नहीं आया."

त्यावर हसू आलं, आणि हसताना पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. दोन्हींतून.

औषधाचं सोवळं

नवा पडदा बसवून घरी पाठवलं. निकालाची वाट बघण्याचे ते दिवस सगळ्यात वाईट. घरात तिघी बायका आणि एकमेकींशी शब्द नाही. काकू जेवायला बसायच्या, पण ताट तसंच उठायचं. एकदा मी म्हटलं, "काकू, हात माझा होता, तुमचा नव्हे." त्या म्हणाल्या, "पळी माझी होती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेवाला फोन लावायला सांगितला, नीलिमा मॅडमना. फोनवर काकूंनी मराठीत एकच प्रश्न विचारला, "हात कसे धुवायचे, ते मला सगळं सांगा." रेवा सांगत गेली, काकू ऐकत गेल्या. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट. पदराला पुसायचे नाहीत. बाटलीचं तोंड कशाला टेकवायचं नाही. काकूंचा चेहरा हळूहळू बदलत गेला. हे सगळं त्या जन्मभर करतच आल्या होत्या. फक्त देव वेगळा होता.

त्या दिवसापासून आमच्या घरात औषधाचं सोवळं सुरू झालं. थेंबांच्या बाटल्या फडताळात सगळ्यात वरच्या फळीवर. माझ्या खाटेभोवती रांगोळीची रेघ. हात धुतल्याशिवाय रेघेच्या आत पाऊल नाही. वसुधा हात धुऊन, कोपरं वर धरून, वाळवत यायची आणि काकू खुर्चीतून ओरडायच्या, "पदर लागला! मी बघितलं. परत!" वसुधा परत जायची. तिसऱ्या वेळी परत पाठवलं तेव्हा मोरीतून वसुधाचा आवाज आला, "काकू, साबण संपला, आता तुमचं गंगाजल काढू का?" आणि काकू फसकन हसल्या. घराचा बांध तिथे फुटला.

काकू स्वतः बाटलीला शिवत नसत. "माझे हात कापतात. मी ओवळी," म्हणायच्या.

आणि एका संध्याकाळी थेंबांची वेळ झाली तेव्हा वसुधा बाजारात होती, रेवा कॉलेजात, घरात फक्त रामसेवक. आता स्पष्टच लिहितो. रामसेवक आमच्या घरी कित्येक वर्षं येतोय, पण काकूंनी त्याला कधी देवघराच्या उंबऱ्याआत घेतलं नव्हतं, आणि तो का येत नाही हे त्यालाही माहीत होतं, आम्हालाही. तो रेघेच्या बाहेर उभा राहिला. नेहमीच्या सवयीने.

काकूंनी त्याच्याकडे बघितलं. मग उठल्या, नवी साबणाची वडी फोडली आणि त्याच्या हातावर ठेवली. पाणी त्यांनी स्वतः ओतलं.

"नखं नीट," त्या म्हणाल्या.

"हओ, अम्मा," रामसेवक म्हणाला.

तो रेघेच्या आत आला आणि त्याने माझी पापणी उघडली. एवढे हलके थेंब मला कोणत्याही सिस्टरने घातले नाहीत.  रामसेवकने फक्त माशाचं पुढे काय झालं ते विचारलं, आणि मी पहिल्यांदाच त्याला खरं वजन सांगितलं. तो म्हणाला, "बस? इतनी-सी?"

नमुन्यात काही उगवलं नाही. खऱ्यांनी फोनवर सांगितलं, "ज़मीन साफ़ है, मुकुंदजी." वसुधाने काकूंना वाकून नमस्कार केला आणि काकूंनी तिला उठवायच्या आधी तिचे हात उलटेपालटे करून बघितले. साबणाने सालपटं निघाली होती. त्यावर त्या खोबरेल चोळत बसल्या.

फुकटचा सल्ला

काच खाली ओढा. गोष्ट नंतर सांगता येते. दुकानदाराने दिलेले थेंब डोळ्यात घालू नका; तो भला माणूस असतो, डॉक्टर नसतो. थेंब घालणाऱ्यावर ओरडू नका, ओरडलात तर त्याच दिवशी माफी मागा. आणि जिने रेशमाचा पडदा तयार केला तिला, जिने डोकं धरलं तिला, ज्याने स्टूल सोडलं नाही त्याला, ज्या किड्यांनी कोसला विणला त्यांनासुद्धा, सांगा की तुमचे उपकार आहेत. मला अतिशयोक्ती येते, आभार मानायला कमी येतं. म्हणून इथे लिहून ठेवतोय.

तक्ता

रेशीम डोळ्यात विरलं, खालची कातडी भरून आली. आता प्रश्न एकच होता, दिसतं किती? पडद्यामागे धुकंच राहिलं असतं तर डोळा वाचला, नजर गेली, असं झालं असतं. कारखाना मला वेटोळ्यांवरून उठवून कुठल्यातरी टेबलाशी बसवणार होता.

त्या दिवशी खऱ्यांच्या खोलीत नीलिमा मॅडमही आल्या होत्या. खऱ्यांनी माझा डावा डोळा झाकला आणि समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बोट केलं. मी वाचायला सुरुवात केली. वरची ओळ. खालची. त्याखालची. सगळ्यात खालची, तीसुद्धा खाड खाड.

खऱ्यांनी भिंतीवरच्या बटणावर हात ठेवला.

"मुकुंदजी," खरे म्हणाले, "तख़्ती की बत्ती तो मैंने अभी जलाई ही नहीं."

आधीचा पेशंट वाचत असताना, बाहेर बसल्या बसल्या उघड्या दारातून डाव्या डोळ्याने मी तो तक्ता पाठ करून ठेवला होता. वसुधाने कपाळावर हात मारला. मी हसलो, पण एकटाच. कारण तिघांनाही कळलं होतं की मी का पाठ केला होता.

नीलिमा मॅडम उठल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "मुझे देखिए. जो दिखे, वही बोलिए. एक शब्द भी ज़्यादा नहीं."

 जेवढं आहे तेवढंच सांगायचं, याचा मला सराव नाही. मी बघत राहिलो. आधी नुसता उजेड. मग त्यात चेहऱ्याचा गोल. चष्म्याची काळी चौकट. ओढणी, हिरवी असावी. मग चेहऱ्याच्या एका कडेला बारीकसं काहीतरी, हललं की चमकणारं. मी दुसऱ्या कडेला बघितलं. परत पहिल्या कडेला. परत दुसऱ्या.

"मॅडम," मी म्हटलं, "आपके एक कान में कुछ है. दूसरे में नहीं है."

त्यांचे दोन्ही हात कानांकडे गेले.

"अरे! यह कहाँ गिरा?"

केव्हापासून कोण जाणे, त्या तशाच वावरत होत्या. खऱ्यांनी पाहिलं नव्हतं, वसुधाने पाहिलं नव्हतं, त्यांनी स्वतःही नाही. नीलिमा मॅडमनी खऱ्यांकडे बघितलं, खऱ्यांनी त्यांच्याकडे. मग त्यांनी चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा लावला. म्हणाल्या, "मेरी माँ के हैं," आणि एकदम खाली बसून शोधायला लागल्या. वसुधाही बसली. आणि डॉक्टर खरे, पांढरा कोट सावरत, हातात बॅटरी घेऊन, टेबलाखाली शिरले.

ते कानातलं मलाच सापडलं, असं इथे लिहायचा फार मोह होतोय. सापडलं वसुधाला, स्टुलाच्या चाकापाशी. मला कोणी उठायला सांगितलं नव्हतं. मी हनुवटी वर करून खुर्चीत बसून होतो आणि तीन शिकलीसवरलेली माणसं जमिनीवर रांगत होती. डाव्या डोळ्यावर धरलेली पट्टी टेबलाखाली शिरताना खऱ्यांच्या हातून सुटली होती. मी माझ्या तळव्याने तो डोळा झाकून धरला आणि उजव्यानेच बघत राहिलो.